घरून माइनक्राफ्ट सर्व्हर: आधी पत्ता, मग लाइन, मग मशीन

दिवाळीच्या तोंडावर भाच्याचा फोन आला. "मामा, यंदाचा किल्ला आपण सगळे मिळून माइनक्राफ्टमध्ये करू. तू सर्व्हर लावून दे ना." माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायचा कॉम्प्युटरवरचा खेळ आणि सर्व्हर म्हणजे सगळ्यांचं ते एकच जग चालवणारं मशीन. आम्ही जळगावला, भाचा नाशिकला, पुतणी पुण्यात आणि तिचा दादा फ्रँकफर्टला. अंगणातला मातीचा किल्ला या पोरांना एकत्र करता येणार नव्हता, हा करता आला असता. मी त्याच आठवड्यात जुन्या पीसीची रॅम ८ ची १६ जीबी केली आणि सर्व्हर सुरू केला. घरातल्या लॅपटॉपवरून तो सुरेख चालला. नाशिक, पुणे, फ्रँकफर्ट, तिन्हीकडून मात्र कुणालाच आत येता येईना. रॅमचा त्यात काही संबंध नव्हता. आमच्या कनेक्शनला बाहेरून कुणी पोहोचू शकेल असा पत्ताच नव्हता.

तेव्हापासून कुणी विचारलं, की मी एकच क्रम सांगतो. आधी पत्ता तपासा, मग लाइन मोजा आणि मशीनवर पैसे सगळ्यात शेवटी घाला. हा लेख त्याच क्रमाने आहे. पहिल्यांदाच सर्व्हर लावणाऱ्यांसाठी आणि पाच ते दहा जणांच्या गटासाठी तो लिहिला आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट नक्की करा. माइनक्राफ्ट दोन प्रकारचं आहे. कॉम्प्युटरवर चालणारी जावा एडिशन आणि मोबाइल, टॅब्लेट, कन्सोल, विंडोज अशा सगळीकडे चालणारी बेडरॉक. दोघांचे सर्व्हर वेगळे असतात. जावाचा सर्व्हर टीसीपी पोर्ट २५५६५ वर ऐकतो, बेडरॉकचा यूडीपी १९१३२ वर. पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा क्रमांक आणि टीसीपी, यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती. इथे मी जावाबद्दल लिहितोय. गटात एखादं लहान भावंड टॅब्लेटवरून खेळणारं असेल तर 'गीझर' नावाचं प्लगइन (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) बेडरॉकवाल्यांना जावाच्या सर्व्हरवर आणतं, पण ते पहिल्या दिवशी लावायला जाऊ नका. सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. खेळ मात्र प्रत्येक खेळाडूने स्वतःच्या खात्यावर विकत घेतलेला असावा लागतो.

पायरी १: तुमच्या घराला पत्ता आहे का?

इंटरनेटवरच्या पत्त्याला आयपी म्हणतात. त्याच्या जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा मोकळा साठा २०११ सालीच संपत आला. त्यामुळे इंटरनेट पुरवणारे अनेक घरांना मिळून एकच पत्ता वापरतात. याला सीजीनॅट म्हणतात. व्हिडिओ बघायला, बँकेचं काम करायला यात काहीच अडचण येत नाही, कारण तिथे सुरुवात तुमच्याकडून होते आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. सर्व्हरचं उलट असतं. तिथे बाहेरचा माणूस आधी तुमचं दार ठोठावतो. घरचा राउटर म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. "नाशिकहून पाहुणा आला तर तिसऱ्या मजल्यावर पाठव," असं तुम्ही त्याला सांगून ठेवू शकता. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे एवढंच. सीजीनॅट असेल तर त्याच्याही आधी नाक्यावर दुसरा वॉचमन बसलेला असतो. तो कंपनीचा माणूस, तुमचा निरोप तो घेत नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. स्टेटस किंवा वॅन या भागात जो आयपी दिसेल तो लिहून घ्या. मग त्याच कनेक्शनवरून सर्च इंजिनला "माझा आयपी काय" असं विचारा. दोन्ही आकडे सारखे आले तर तुम्ही सुटलात. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर ते सीजीनॅटच. तो १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल तर दोन शक्यता आहेत. एक तर कंपनीकडेच पत्ते वाटून दिलेले आहेत. नाही तर तुमच्याच घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत, म्हणजे फायबरवाल्याने भिंतीवर लावलेला ओएनटी डबाही राउटरचं काम करतोय आणि तुम्ही विकत आणलेला राउटरही. दुसरी शक्यता खरी असेल तर ओएनटी 'ब्रिज मोड'वर टाकून द्यायला सांगा. लाइनमनला हा शब्द माहीत असतो. सिमकार्डवर चालणारं घरचं वायरलेस कनेक्शन किंवा मोबाइल हॉटस्पॉट असेल, तर सीजीनॅट आहे असंच धरून चाला.

सीजीनॅट निघालं तर काय करायचं? सरळ मार्ग म्हणजे पुरवठादाराकडे पब्लिक स्टॅटिक आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा आणि न बदलणारा पत्ता, मागणं. त्याचे महिन्याचे किंवा वर्षाचे वेगळे पैसे पडतात आणि घरगुती प्लॅनवर काही जण तो देतच नाहीत. विचारताना नुसतं "स्टॅटिक आयपी" म्हणू नका. "बाहेरून येणारं कनेक्शन चाललं पाहिजे, पोर्ट बंद नकोत," हे स्पष्ट सांगा आणि पैसे भरण्याआधी होकार लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का असेना.

दुसरा मार्ग मला घरच्या गटासाठी सगळ्यात आवडतो. टेलस्केल किंवा झीरोटियर. प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरवर एक छोटं अ‍ॅप टाकायचं, की सगळ्यांची मशीनं जणू एकाच घरातल्या नेटवर्कवर येतात. सीजीनॅट असो वा नसो, बहुतेक वेळा ती एकमेकांशी थेट बोलतात. थेट वाट सापडली नाही तर मधल्या एखाद्या सर्व्हरवरून वळसा पडतो आणि पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ, वाढतं. यात तुमचं दार खुल्या इंटरनेटवर उघडतच नाही, हा मोठा फायदा. आमचा पहिला किल्ला याच वाटेने झाला. मोफत योजनेत किती जण बसतात ते आधी पाहून घ्या. टेलस्केल जो पत्ता देतं तोही १०० नेच सुरू होतो. तो बघून सीजीनॅटचा समज करून घेऊ नका.

तिसरा मार्ग प्लेइटसारख्या टनेलचा. खेळाडूंना काहीच टाकावं लागत नाही, तुम्हाला एक तयार पत्ता मिळतो. पण सगळी रहदारी त्या सेवेच्या एखाद्या केंद्रावरून फिरून येते. ते केंद्र भारताबाहेर असेल तर पुणे ते जळगाव एवढ्या गप्पाही परदेशी जाऊन येतील. आधी पिंग बघा, मगच पत्ता सगळ्यांना कळवा. आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, हाही एक मार्ग आहे. भारतात ते बऱ्याच कनेक्शनवर आपोआप मिळतं आणि त्यात पत्ते वाटून घेण्याची भानगड नसते. अट एवढीच की समोरच्या प्रत्येकाकडेही आयपीव्ही६ हवं आणि राउटरच्या फायरवॉलमध्ये (बाहेरची ये-जा अडवणारी सोय) तुमच्या मशीनसाठी वाट मोकळी करायला हवी.

पब्लिक आयपी हाती आला की पोर्ट फॉरवर्डिंग. राउटरमध्ये सर्व्हरच्या मशीनला कायमचा अंतर्गत पत्ता बांधून द्या, नाही तर एखाद्या दिवशी वीज जाऊन आल्यावर मशीनला वेगळा पत्ता मिळतो आणि फॉरवर्डिंग भलतीकडे जातं. मग बाहेरचं टीसीपी २५५६५ त्या पत्त्याच्या २५५६५ वर पाठवा. मशीनच्या फायरवॉलमध्येही हे पोर्ट उघडा. चाचणी घरातल्या वायफायवरून करू नका. बरेच राउटर घरातूनच स्वतःच्या बाहेरच्या पत्त्याकडे जाऊ देत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही बंद असल्यासारखं दिसतं. लॅपटॉप मोबाइल डेटावर जोडून बघा. काहीच जमेना म्हणून 'डीएमझेड' चालू करून अख्खं मशीन उघडं टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. एका पोर्टसाठी घराच्या सगळ्या भिंती पाडायची गरज नसते.

पत्ता पब्लिक आहे पण अधूनमधून बदलतो, असं असेल तर डकडीएनएससारखी मोफत सेवा वापरा. ती एका नावामागे तुमचा ताजा पत्ता लावत राहते.

पायरी २: लाइन

इथे सगळे जण डाउनलोडचा आकडा सांगतात. सर्व्हरला लागतो अपलोड. जग तुमच्याकडे आहे आणि ते दर क्षणी प्रत्येक खेळाडूला पाठवावं लागतं. एका खेळाडूमागे १ एमबीपीएस अपलोड धरला तर पुरून उरतो, म्हणजे दहा जणांना १०. फायबरवर वर-खाली सारखा वेग देणारे प्लॅन आता सहज मिळतात, त्यामुळे साधा ५० एमबीपीएसचा प्लॅनही भरपूर होतो. जुन्या केबलवर किंवा वायरलेसवर असाल तर मात्र अपलोड वेगळा मोजा, तिथे तो डाउनलोडच्या मानाने फारच कमी निघू शकतो. महिन्याचा डेटाही जपावा लागत नाही. दहा जण रोज चार तास खेळले आणि प्रत्येकी सरासरी अर्धा एमबीपीएस लागला, तर महिन्याला सुमारे २७० जीबी होतात.

माझ्या मते वेगापेक्षा स्थिरता दहापट महत्त्वाची आहे आणि त्याला कारण आहे. जावा एडिशन टीसीपीवर चालते. टीसीपीत मधलं एक पॅकेट, म्हणजे डेटाचा एक छोटा तुकडा, हरवलं की मागून आलेली सगळी पॅकेट दारात थांबून राहतात, हरवलेलं पुन्हा मागवून येईपर्यंत. म्हणून शेकड्यात दोन पॅकेट गळणाऱ्या २०० एमबीपीएसच्या लाइनपेक्षा एकही न गळणारी २० ची लाइन कितीतरी चांगली. आधी घरातल्या राउटरला पाचशे वेळा पिंग करा. तिथेच गळती दिसली तर दोष घरातल्या वायफायचा. सर्व्हर आणि राउटर यांच्यात कॅट ६ ची केबल टाका. ही केबल म्हणजे या सगळ्या उद्योगातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लगेच गुण येणारा खर्च आहे. मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास. रात्री अख्खी गल्ली व्हिडिओ बघत असते आणि तुमचे खेळाडूही नेमके तेव्हाच येतात.

आणखी एक चाचणी जरूर करा. पिंग चालू ठेवून शेजारच्या मशीनवरून स्पीड टेस्टचा अपलोड भाग चालवा. ३० मिलिसेकंदाचं पिंग तेवढ्या वेळात ४००-५०० वर गेलं, तर घरात कुणाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की तुमचा सर्व्हर गोठणार हे नक्की. लग्नाहून परत आलेल्या दिवशी आमच्याकडे हेच झालं होतं. यावर उपाय राउटरमधल्या क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाच्या, रांग सांभाळणाऱ्या सोयीत असतो. तिथे अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवली की रांग कंपनीच्या यंत्रात न साचता तुमच्या हातात राहते आणि राउटर छोटी पॅकेट पुढे काढू शकतो.

अंतराबद्दल मनात स्वच्छ हिशेब असावा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन किमान १ मिलिसेकंद. जळगाव ते पुणे हा हिशेब तीन-चार मिलिसेकंदांचा, पण दोघांचे पुरवठादार वेगळे असतील तर वाट बहुधा मुंबईवरून जाते, कारण देशातल्या नेटवर्कांची मोठी अदलाबदल तिथे होते. प्रत्यक्षात १५ ते ३० दिसलं तर समाधानी राहा. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे कितीही पैसे घातले तरी ६५ च्या खाली पिंग येणार नाही. समुद्रातल्या केबल तांबड्या समुद्रातून इजिप्तमार्गे युरोपात जातात, त्यामुळे खरा आकडा १२० च्या पुढेच असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारत-युरोप वाट आणखी मंदावली होती. असं काही झालं तर तुमच्या राउटरला बोल लावू नका. किल्ला बांधायला १५० चं पिंग चालून जातं. तलवारबाजीत त्या खेळाडूवर अन्याय होतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आम्ही फ्रँकफर्टच्या दादाला बुरुज बांधायला दिले आणि लढाया इकडच्यांनी केल्या.

पायरी ३: मशीन

आता रॅमच्या दुकानात जायला हरकत नाही. पण तिथेही आधी प्रोसेसर बघा. माइनक्राफ्टचं जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकतं. या एका पावलाला टिक म्हणतात आणि प्रत्येक टिकसाठी ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळे प्राणी, पाणी, शेती, रेडस्टोन (खेळातली वीज), खेळाडू यांचा हिशेब उरकावा लागतो आणि हा मुख्य हिशेब एकाच कोअरवर होतो. नवी जमीन तयार करणं, नेटवर्क अशी कामं दुसऱ्या कोअरवर जातात, पण गाडा ओढणारा बैल एकच. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुना आठ कोअरचा झिऑन स्वस्तात दिसला तरी मोहात पडू नका. २०१२ च्या सुमाराचे ते प्रोसेसर २.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. चार कोअरचा साधा कोअर आय३-१२१०० किंवा सहा कोअरचा रायझन ५ ५६०० या कामात त्यांना सहज मागे टाकतो. चार-पाच जणच असाल तर इंटेल एन१०० वर चालणारा छोटा मिनी पीसीही पुरतो. रास्पबेरी पाय ४ वर दोघे-तिघे खेळू शकतात, पण कुणी नव्या प्रदेशात धावत सुटलं की तो दमतो. ग्राफिक्स कार्डाची गरज शून्य. सर्व्हर चित्र काढतच नाही.

रॅमचं गणित असं. पाच ते दहा जणांच्या साध्या सर्व्हरला जावासाठी (ज्या प्रोग्रामवर सर्व्हर चालतो त्यासाठी) ४ जीबी द्या आणि मशीनमध्ये एकूण ८ असू द्या. शंभर-दीडशे मॉड (खेळात बदल करणाऱ्या जोडण्या) घालायचे असतील तर जावाला ८ आणि एकूण १६. मशीनमधली सगळी रॅम जावाला देऊन टाकणं ही नवख्यांची नेहमीची चूक. तुम्ही दिलेल्या मर्यादेपेक्षा जावा प्रत्यक्षात थोडी जास्तच घेते, ऑपरेटिंग सिस्टिमलाही श्वास लागतो आणि डिस्कवरच्या फायली हाताशी ठेवायला मोकळी रॅम कामी येते.

डिस्क एसएसडीच हवी. साधी साटा असली तरी चालेल, एनव्हीएमईचाच हट्ट नको. जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चंकमध्ये विभागलेलं असतं आणि खेळाडू चालत जाईल तसे ते चंक डिस्कवरून येतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हे येणं अडखळतं आणि अडखळणं सगळ्यांना जाणवतं.

विजेचं बिलही मशीन निवडतानाच मोजा, कारण हे यंत्र २४ तास चालणार. १५ वॅट खाणारा मिनी पीसी महिन्याला सुमारे ११ युनिट घेतो. ८० वॅटचा जुना डेस्कटॉप ५८ च्या आसपास. महाराष्ट्रातल्या घरगुती दरांत १०० युनिटनंतर पुढचा टप्पा महाग लागतो, तेव्हा "जुना पीसी फुकट पडलाय" हा हिशेब दोन-तीन वर्षांत खोटा ठरू शकतो.

वीज जाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे सर्व्हर बंद पडण्याचं हेच खरं कारण असतं. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर 'यूपीएस मोड'चं बटण शोधा. साध्या मोडमध्ये वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागायला जो क्षण जातो तो पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो आणि तो रीस्टार्ट होतो. ओएनटी आणि राउटर दोन्ही बॅकअपवर असले पाहिजेत. त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो. एवढं करूनही वीज गेल्यावर नेट जात असेल तर केबलवाल्याचा खांबावरचा डबा बंद पडत असणार. त्यावर तुमच्या घरात उपाय नाही, त्याच्याशीच बोलावं लागतं. मशीनच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला गेलात तरी सर्व्हर उठतो.

उन्हाळाही विसरू नका. जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तिकडे विदर्भातही तेच. खोलीच ४० अंशांवर असली की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि दुपारचा खेळ जड होतो. मशीन कपाटात कोंडू नका आणि दोन महिन्यांतून एकदा धूळ झाडा.

पायरी ४: लावणं आणि मोजणं

विंडोज येत असेल तर विंडोजवरच सुरू करा. नंतर सवड मिळाली की उबुंटू सर्व्हरवर या, ते हलकं आहे. जावाची आवृत्ती खेळाच्या आवृत्तीशी जुळवा. १.१८ पासून १.२०.४ पर्यंत जावा १७ लागते, १.२०.५ पासून १.२१ च्या मालिकेपर्यंत जावा २१. त्याहून नवी आवृत्ती असेल तर तिला कोणती जावा लागते ते आधी पाहून घ्या. सर्व्हरचं सॉफ्टवेअर म्हणून खेळ बनवणाऱ्या मोजांगचं मूळ वापरता येतं, पण मी 'पेपर' सुचवेन. खेळ जवळजवळ तोच राहतो, मशीनवरचा भार बराच कमी होतो. पहिल्यांदा चालवल्यावर सर्व्हर लगेच बंद पडतो. घाबरू नका, तो ईयूएलए नावाची फाइल तयार करून थांबलेला असतो. अटी वाचा, तिथलं 'फॉल्स' खोडून 'ट्रू' लिहा आणि पुन्हा चालवा. सुरू करण्याच्या आज्ञेत रॅमची किमान आणि कमाल मर्यादा सारखीच ठेवा.

आता सर्व्हर-प्रॉपर्टीजची फाइल. 'व्ह्यू डिस्टन्स', म्हणजे किती चंक दूरपर्यंतचं जग खेळाडूला पाठवायचं तो आकडा, मुळात १० असतो. म्हणजे प्रत्येक खेळाडूभोवती २१ बाय २१, एकूण ४४१ चंक. तो ७ केला की २२५ होतात. जवळजवळ निम्मा भार आणि निम्मा अपलोड एका आकड्यात वाचतो. 'सिम्युलेशन डिस्टन्स', म्हणजे किती चंकांपर्यंत जग हलतं ठेवायचं तो आकडा, ५ किंवा ६ वर आणा. नवं मशीन घेण्याआधी हे दोन आकडे बदलून बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यानंतर 'चंकी' प्लगइनने जग आधीच तयार करून ठेवा. मध्यापासून ३००० ठोकळ्यांपर्यंत तयार केलं तर सुमारे १ लाख ४० हजार चंक होतात. हे रात्री लावून झोपायचं. मग तेवढ्यावरच जगाची सीमा आखा. नवी जमीन घडवणं हे सर्व्हरचं सगळ्यात कष्टाचं काम आहे, ते खेळाच्या वेळी करायला लावू नका.

आता तक्रारी येतील. "लॅग होतोय", म्हणजे खेळ अडखळतोय, एवढंच कळतं, कशामुळे ते कळत नाही. पेपरमध्ये 'एमएसपीटी' ही आज्ञा आहे. एका टिकला किती मिलिसेकंद लागले ते ती सांगते. आकडा ५० च्या आत असेल तर मशीन निर्दोष आहे. ३० च्या आत राहिला तर उत्तम. ५० च्या वर गेला की जगच मंदावतं आणि ते सगळ्यांना एकदम जाणवतं. गायी अडखळत चालतात, भट्टी हळू पेटते. एकट्यालाच त्रास होत असेल आणि बाकीचे मजेत असतील तर त्याची लाइन किंवा त्याचा कॉम्प्युटर बघा. आकडा छान आहे, पण घराबाहेरच्या सगळ्यांनाच झटके बसताहेत, तर तुमचा अपलोड भरलाय. मशीनचाच दोष निघाला तर 'स्पार्क' हे साधन नेमका कुठे वेळ जातोय ते दाखवतं. आमच्याकडे एका खोलीत कोंडलेल्या २०० कोंबड्या निघाल्या होत्या. त्या कमी केल्या आणि सर्व्हर मोकळा झाला, एक रुपयाही खर्च न करता.

पायरी ५: दाराला कडी, जगाची प्रत

पोर्ट उघडल्यावर काही तासांतच अनोळखी मशीनं त्यावर टकटक करायला लागतात. इंटरनेटभर २५५६५ शोधत फिरणारे प्रोग्राम सतत चालू असतात. व्हाइटलिस्ट, म्हणजे आत येऊ द्यायच्या खेळाडूंची यादी, पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा आणि नावं एकेक करून घाला. खेळाडूच्या खात्याची खातरजमा करणारा 'ऑनलाइन मोड' ट्रूच राहू द्या. तो बंद केला तर कुणीही तुमच्या भाच्याचं नाव लावून आत येऊ शकतं. दूरनियंत्रणाचं आरकॉन पोर्ट २५५७५ बाहेर उघडू नका. लिनक्सवर सर्व्हर वेगळ्या साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवा, रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) कधीच नाही. आणि आवृत्ती ताजी ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल नावाची त्रुटी उघड झाली तेव्हा चॅटमध्ये एक ओळ टाकून दुसऱ्याच्या सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. मोजांगने १.१८.१ मध्ये ती बुजवली. ज्यांनी अद्ययावत केलं नाही त्यांची दारं सताड उघडी राहिली. २०१६ मध्ये लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेणारं 'मिराई' बॉटनेटसुद्धा माइनक्राफ्ट सर्व्हरच्या धंद्यातल्या चढाओढीतून आलेलं होतं. घरचा पत्ता खुल्या ग्रुपवर टाकू नका, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

बॅकअप रोज, आपोआप. चालू सर्व्हरच्या फायली तशाच उचलल्या तर अर्धवट लिहिलेला भाग हाती येऊ शकतो. म्हणून आधी लिहिणं थांबवण्याची आज्ञा द्या, सगळं एकदा जतन करा, प्रत काढा, मग लिहिणं पुन्हा सुरू करा. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर कुठेतरी असू द्या. आमच्याकडे वसुबारसेच्या रात्री वीज गेली, त्या वेळी इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नव्हता. जगातली एक फाइल बिघडली आणि किल्ल्याचा महादरवाजा होता तिथे सपाट गवत उगवलं. पुतणीने त्यावर चार दिवस घालवले होते. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून दरवाजा दहा मिनिटांत परत उभा राहिला.

घरचं जमतच नसेल तेव्हा

स्टॅटिक आयपी मिळत नाही, वीज रोज जाते किंवा खेळाडू पंधराच्या पुढे गेलेत, तर भाड्याचं मशीन घ्या. यात कमीपणा काही नाही. भारतातच केंद्रं आहेत. अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टच्या 'सेंट्रल इंडिया' विभागाची केंद्रं पुण्यात आहेत आणि फक्त खेळांचे सर्व्हर भाड्याने देणाऱ्या छोट्या कंपन्याही मुंबईत जागा देतात. स्वस्त म्हणून अमेरिकेतलं मशीन घेतलंत तर सगळ्यांचं पिंग २०० च्या पुढे जाईल. प्लॅनमध्ये प्रोसेसरचं नाव विचारा आणि कोअर तुमचा एकट्याचा आहे की वाटून दिलेला, तेही विचारा. वाटून दिलेल्या कोअरवर शेजाऱ्याचं काम वाढलं की तुमची टिक रेंगाळते. चार जीबीचा चांगला कोअर सोळा जीबीच्या मंद कोअरपेक्षा बरा. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी एक महिना घ्या.

मशीन घरचं असो वा भाड्याचं, सगळ्यांना बोलावण्याआधी एका संध्याकाळी चौघांना आत घ्या. चार दिशांना अर्धा तास पळायला सांगा. तुम्ही एका खिडकीत एमएसपीटी आणि दुसऱ्या खिडकीत पिंग उघडून बसा. त्याच वेळी घरातल्या कुणाला तरी फोनवरून मोठा व्हिडिओ पाठवायला सांगा. एवढ्यात जे अडखळेल ते दुरुस्त करा आणि मग बाकीच्यांना पत्ता द्या.